रविवारी त्यांनी ऐकलेलं

ग्रामोफोन माझा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत दर रविवारी जी मंडळी गाणं ऐकायला जमायची, त्यांच्यापैकी कुणालाही हे शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. आमच्या ह्यांनी लपवून ठेवलं असं नाही. कुणी विचारलं नाही आणि ह्यांनी आपणहून सांगितलं नाही, इतकंच.

तो माझ्या वडिलांचा, कल्याणच्या घरातला. वडील गेल्यावर थोरल्या भावाकडे ठेवायला जागा नव्हती आणि धाकट्याला गाण्याची आवड नव्हती, म्हणून तो आणि त्याच्याबरोबरच्या वीसेक रेकॉर्डी माझ्याकडे आल्या. मला त्याचं कोण अप्रूप! लग्नाआधी चार वर्षं मी कल्याणला एका बुवांकडे गाणं शिकत होते. शेवटी मुलतानी राग चालला होता. बडा ख्याल गळ्यावर चढला होता, पुढच्या महिन्यात त्यातली जलद लयीची द्रुत चीज सुरू करू असं बुवा म्हणाले होते, आणि तेवढ्यात लग्न ठरलं. ती चीज राहिली ती राहिलीच. ठाण्याला आल्यावर गाणं म्हणजे भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही इतक्या आवाजात भाकऱ्या थापताना गुणगुणणं. त्यामुळे ग्रामोफोन घरात आला तेव्हा मला वाटलं, गायला नाही तरी ऐकायला मिळेल.

स्वातंत्र्य मिळून सातआठ वर्षं झाली असतील तेव्हा ही रविवारची बैठक सुरू झाली. माणसं चारच. एक आमचे हे. दुसरे दोन गल्ल्या सोडून राहणारे मास्तर. शाळेत संस्कृत शिकवायचे, पन्नाशीचे होते, आणि संगीतावर जे काही छापलं जाई ते सगळं वाचायचे. तिसरे ह्यांच्या हापिसातले एक गृहस्थ. डोंबिवलीला राहायचे, म्हणून सगळे त्यांना डोंबिवलीकरच म्हणत. ते मुंबईच्या जुन्या बाजारातून रेकॉर्डी हुडकून आणायचे आणि टॉवेलात गुंडाळून, वेताच्या पिशवीतून ठाण्याला घेऊन यायचे. चौथे कल्याणजवळच्या मोहने गावात, रेयॉनच्या कारखान्यात केमिस्ट होते. वयानं सगळ्यांत लहान, पगारानं सगळ्यांत मोठे आणि बोलायला सगळ्यांत कमी. त्यांना सगळे साहेब म्हणत.

बैठकीची रीत अशी होती की प्रत्येकानं आठवडाभरात काय नवीन ऐकलं ते आधी सांगायचं. कुणी रेडिओवर ऐकलेलं असायचं, कुणी दुकानात उभं राहून ऐकलेलं, कुणी एकमेकांकडून नेलेली रेकॉर्ड घरी ऐकलेली. सांगून झालं की ती रेकॉर्ड लावायची, आणि मग पुन्हा तिच्याबद्दल बोलायचं. कल्पना सुंदर होती. पहिल्या रविवारी मी आतल्या खोलीच्या दारात उभी राहून ऐकत होते आणि मला माझं नशीब उघडल्यासारखं वाटत होतं.

पण ह्या रीतीत चहा होता. सांगणं अर्धा-पाऊण तास चालायचं, आणि रेकॉर्ड एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं वाजायची. सांगून सांगून घसे कोरडे पडले की कुणीतरी ग्रामोफोनला चावी द्यायला उठायचं, आणि नेमके त्याच वेळी हे आत डोकावून म्हणायचे, "अगं, जरा चहाचं बघ." मी स्टोव्हला पंप मारायचा आणि बाहेर पिन टेकायची. त्या काळचे स्टोव्ह ज्यांनी पाहिले आहेत त्यांना सांगायला नको. एकदा तो भरभरायला लागला की शेजारी कुणी हाक मारलेली ऐकू यायची नाही. पाण्याला आधण येईपर्यंत, चहा-साखर पडेपर्यंत, स्टोव्ह बंद करेपर्यंत बाहेर शेवटची तान संपून पिन नुसती खरखरत असायची. मग "वा, क्या बात है" ऐकू यायचं. त्या बातीतलं मला काही मिळालेलं नसायचं.

मी उपाय केले नाहीत असं नाही. चहा आधीच करून किटलीत घालून वर फडकी गुंडाळून ठेवली. मास्तरांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. ह्यांनी ते पाहिलं आणि चहा पुन्हा गरम करायला आत पाठवला. म्हणजे स्टोव्ह पुन्हा पेटलाच. एकदा मी शेगडीवर करायचं ठरवलं. कोळसे पेटेपर्यंत धुराने बाहेरची मंडळी खोकायला लागली. एकदा ह्यांना स्पष्ट सांगितलं की रेकॉर्ड संपल्यावर चहा मागत जा. हे म्हणाले, "बरं." खरंच म्हणाले, आणि पुढच्या रविवारी विसरले. ह्यांचा स्वभाव वाईट नव्हता. रागावणं नाही, ओरडणं नाही. रागावणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. विसरणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं?

एका रविवारी मी चहाच केला नाही. डोंबिवलीकरांनी एका जुन्या गायिकेची रेकॉर्ड आणली होती. तीच रेकॉर्ड फुटायच्या आधी आमच्या कल्याणच्या घरी होती आणि लहानपणी मी ती शेकडो वेळा ऐकली होती. हे आत डोकावले तेव्हा मी हात पुसत बाहेर आले आणि दाराशी पाटावर बसले. म्हटलं, "रेकॉर्ड होऊ दे, मग ठेवते." सगळ्यांनी मान हलवली. रेकॉर्ड वाजली. मी पहिल्यांदाच बैठकीतली एक रेकॉर्ड अथपासून इतिपर्यंत ऐकली. संपल्यावर मास्तर म्हणाले की हा भूप आहे. मी म्हटलं, मला वाटतं देसकार असावा, सूर तेच, पण त्या धैवतावर फार वेळ राहतात. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, अगदी प्रेमानं पाहिलं, आणि म्हणाले, "वहिनी, मागच्या रविवारचा तुमचा चहा अजून जिभेवर आहे." मग ते ह्यांच्याकडे वळले आणि भूपावर बोलायला लागले.

भूप की देसकार, ते तसंच राहिलं. मला कुणी चूकही म्हटलं नाही. चूक म्हटलं असतं तर मी ती ओळ पुन्हा लावून दाखवायला सांगितली असती. त्या दिवशी मंडळी लवकर उठली. संध्याकाळी हे म्हणाले, तू बसलीस की त्यांना मोकळं वाटत नाही, मास्तर मांडी घालून बसतात, त्यांना पाय लांब करता येत नाहीत. मी विचारलं, मास्तरांचे पाय लांब व्हावेत म्हणून मी कुठे बसू? ह्यांनी थोडा विचार केला आणि खरोखरच उत्तर दिलं: "आतल्या खोलीतून ऐकू येतं की."

ह्याच सुमारास एकदा डोंबिवलीकर आपली वेताची पिशवी आमच्याकडे विसरले आणि मंगळवारी दुपारी त्यांची बायको ती न्यायला आली. तिचं माहेर नौपाड्यातच होतं. आई आजारी असायची, म्हणून दर मंगळवारी ती डोंबिवलीहून यायची. डोंबिवलीकर तिच्याबद्दल बैठकीत नेहमी सांगायचे की आमच्या घरात सुराचा आणि कुणाचा संबंध नाही. मी तिला पाणी दिलं, पिशवी दिली आणि तरीही सहज म्हणून विचारलं की ह्यातली एखादी रेकॉर्ड लावू का. ती म्हणाली, "ती निळ्या लेबलाची लावा. पण दुसरी बाजू. पहिली आमच्याकडे मधेच अडकते."

मी लावली. ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. संपल्यावर म्हणाली, "पहिली बाजू जिथं अडकते ना, तिथं हे पिनेला बोटानं पुढे ढकलतात. मला नेहमी वाटतं, ढकलू नये. बाईंना ती जागा सोडवत नाहीये, म्हणू दे की त्यांना."

मी तिला चहाला थांबवलं. स्टोव्ह पेटवला, पण रेकॉर्ड झाल्यावर.

तेव्हापासून मंगळवारी दुपारी आमची दोघींची बैठक सुरू झाली. आमच्या बैठकीत सांगणंच फार होतं, कारण ऐकायला फारसं नव्हतं. तिच्या नवऱ्याच्या रेकॉर्डी ट्रंकेत असायच्या, आणि त्या मोजून ठेवलेल्या असायच्या. त्या आणणं तिला शक्य नव्हतं. माझ्या वीस रेकॉर्डी आम्ही तोंडपाठ होईपर्यंत ऐकल्या. पण ती रोज रात्री नवरा काय लावतो ते ऐकायची, आणि मंगळवारी मला ते सांगायची. म्हणजे अक्षरशः सांगायची. "सुरुवातीला सारंगी एकटीच येते, मग बाई खालून येतात, अशा," म्हणून ती हळू आवाजात ती ओळ गाऊन दाखवायची. तिला रागाचं नाव ठाऊक नसलं तर मी ओळखायची. मला ओळखता आलं नाही तर आम्ही दोघी चडफडत बसायचो. पण कसं का असेना, गाणं एकीकडून दुसरीकडे पोचायचं. थोड्याच महिन्यांत आम्ही एकमेकींना अगं-तुगं करायला लागलो.

पुढे पन्नासचं दशक सरत आलं तेव्हा लाँग प्ले रेकॉर्डी आल्या. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं गाणं. ही बातमी मास्तरांनी आणली, आणि दोन-तीन रविवार तिच्यावर नुसती चर्चा झाली. आमच्या चावीच्या ग्रामोफोनवर ती वाजणार नव्हती. तो जोरात फिरायचा, आणि ही सावकाश फिरणारी. एके रविवारी साहेबांनी हळूच सांगितलं की त्यांनी रेडिओग्राम घेतला आहे, आणि त्याच्याबरोबर एका बाईंच्या ख्यालाची लाँग प्ले. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वीज आहे, खोली मोठी आहे. तेव्हा पुढच्या रविवारपासून सगळ्यांनी मोहन्यालाच यावं.

ख्याल कशाचा, असं मास्तरांनी विचारलं. साहेब म्हणाले, मुलतानीचा.

मी आत कपबशा विसळत होते. हातातली बशी तशीच धरून उभी राहिले.

बैठक मोहन्याला गेली. मला कुणी चल म्हटलं नाही, आणि रविवारी तिघा पुरुषांबरोबर कल्याणच्या गाडीत आणि पुढे टांग्यात बसून मी जावं, हे मलाही सुचलं नाही. मी दुपारी ह्यांची वाट पाहत बसले. हे आले, सदरा खुंटीला अडकवला आणि म्हणाले, "काय सांगू तुला!"

मी म्हटलं, सांगा. पाटावर समोर बसले. विचारलं, ठेका काय होता? विलंबित एकताल की तिलवाडा? हे म्हणाले, विलंबित होता. विचारलं, आलाप किती वेळ चालला, बाई पंचमावर कधी आल्या? हे म्हणाले, फार छान आल्या. मग सांगायला लागले की मास्तरांच्या मते बाईंची तालीम दोन घराण्यांची आहे, डोंबिवलीकरांच्या मते एकाच घराण्याची, आणि ह्यावर जेवणापर्यंत वाद झाला. बटाटेवडे झकास होते. सकाळी दहाला मुलतानी लावावा की नाही ह्यावरही मास्तर बोलले, कारण तो दुपार कलल्यावरचा राग. मी विचारलं, द्रुत कोणती चीज होती? शब्द काय होते? ह्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, मनापासून आठवायचा प्रयत्न केला, आणि म्हणाले, "तेव्हाच पान आलं गं."

इतका संताप मला आयुष्यात क्वचित आला असेल. दोन्ही बाजू मिळून पाऊण तास हा माणूस त्या गाण्यासमोर बसला होता. त्याला तिथं पाठवायच्या ऐवजी घरातलं मांजर पाठवलं असतं तरी चाललं असतं, असं मनात आलं. मी उठले आणि तांदूळ निवडायला घेतले. पुढचे दोन रविवारही असंच झालं. लाँग प्ले तीच, वाद नवे, आणि मला सांगायला काहीच नाही.

मंगळवारी मी मैत्रिणीला म्हटलं, आपण जाऊ या. ती म्हणाली, कुठे? म्हटलं, मोहन्याला. साहेब कारखान्यात असतील, त्यांची बायको घरी असेल. आपण बायका आहोत, बायकांकडे जायला काय हरकत आहे? ती आधी हसली, मग आईचं औषध कुणाकडे सोपवायचं ह्याचा विचार करायला लागली. तेव्हा मला कळलं की ती येणार.

पुढच्या मंगळवारी दुपारी आम्ही कल्याणला उतरलो आणि टांगा केला. उन्हाचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत आणि लांबवर कारखान्याची धुराडी. क्वार्टर शोधायला वेळ लागला नाही. दार उघडलं ती बाई आमच्याहून लहान होती, पंचविशीची असेल. आम्ही ओळख सांगितली. माझ्या नवऱ्याचं नाव ऐकताच ती म्हणाली, "म्हणजे रविवारचे!" आणि आमचा हात धरूनच आत घेऊन गेली.

मी उगाच आडवळण घेतलं नाही. सांगितलं की तुमच्याकडची मुलतानीची रेकॉर्ड ऐकायला आलो आहोत. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. ती तिघींना बसायला सतरंजी घालत होती. म्हणाली, "लावा की. मला मात्र ते यंत्र येत नाही." आम्हालाही येत नव्हतं. रेडिओग्राम म्हणजे कपाटाएवढं पॉलिश केलेलं लाकडी धूड. झाकण उघडलं, रेकॉर्ड ठेवली, काटा टेकवला, आणि रेकॉर्डीतल्या बाई चिमणीसारख्या चिवचिवायला लागल्या. आम्ही घाबरून काटा उचलला. मग मैत्रिणीनं बाजूचं बटण शोधलं. त्यावर वेगाचे आकडे होते. ते फिरवलं आणि पुन्हा काटा टेकवला.

तंबोरे ऐकू आले. मग खालच्या निषादावरून षड्जावर येणारा तो सूर. मी डोळे मिटले.

"तुम्ही दोघी ठाण्याच्याच का?" घरची बाई म्हणाली.

मी डोळे उघडले. मैत्रीण म्हणाली, ह्या ठाण्याच्या, मी डोंबिवलीची. मग घरची बाई विचारायला लागली की डोंबिवलीला भाजी कुठे मिळते, पाणी किती वेळ येतं, शेजार कसा आहे. आमच्याकडे शेजार कसला, म्हणाली, एका बाजूला मद्रासी आहेत, दुसऱ्या बाजूला बंगाली, भाषा येत नाही. तिचं माहेर साताऱ्याकडे. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून, म्हणाली, बाजारालासुद्धा गडी जातो, मी दाराबाहेर पडत नाही. आमचे हे सकाळी साताला जातात आणि आले की रेडिओग्राम लावून बसतात, बोलत नाहीत. तिकडे बाई पंचमापर्यंत आल्या होत्या. मी एक कान तिकडे आणि एक कान इकडे ठेवायचा प्रयत्न करत होते आणि दोन्हीकडचं निसटत होतं. ह्या बाईच्या तोंडावर हात ठेवावा असं मला वाटलं. स्टोव्ह निदान बंद करता येतो.

शेवटी मैत्रीण म्हणाली, "अगं, थांब ना जरा. हे ऐकू या आणि मग बोलू."

ती एकदम गप्प झाली. ओशाळली. पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. थोड्या वेळानं अगदी हळू म्हणाली, "रविवारी हे लागतं तेव्हा मी आत वडे तळत असते. इथे बसून ऐकायचं कसं ते मला माहीत नाही. इतक्या दिवसांनी कुणी आलं म्हणून बोलत सुटले."

बाई गात होत्या. मी ऐकत नव्हते. मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी उठले आणि काटा उचलला.

त्या दिवशी आम्ही तिच्याशी बोललो. तिनं साताऱ्याच्या घराचं सगळं सांगितलं, बहिणींचं सांगितलं, पहिलं मूल गेलं ते सांगितलं. मैत्रिणीनं तिला कुशीत घेतलं. चहा झाला, आणि परतीच्या गाडीची वेळ झाली. टांग्यात बसल्यावर मी एकीकडे त्या पोरीसाठी हळहळत होते आणि दुसरीकडे गाणं हुकलं म्हणून मला रडू येत होतं. इतक्या लांब येऊन माझ्या हाती मुलतानीचे पाच सूर लागले होते. मैत्रीण म्हणाली, पुन्हा येऊ. मी म्हटलं, पुन्हा आलो तरी असंच होणार.

तसं झालं नाही. पुन्हा गेलो तेव्हा आम्ही आल्या आल्या मनसोक्त गप्पा मारून घेतल्या, आणि मग चार वाजायच्या सुमाराला, मुलतानीच्या खऱ्या वेळेला, रेकॉर्ड लावली. ती आमच्यामध्ये शहाण्या मुलीसारखी हात मांडीवर ठेवून बसली. पहिली बाजू पूर्ण ऐकली. दुसरी लावायला वेळ उरला नाही. द्रुत चीज दुसऱ्या बाजूला होती. तिसऱ्या खेपेला वीजच नव्हती. कॉलनीत सहसा जात नाही, आजच गेली, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती, जणू तिनंच घालवली होती. मी हसण्यावारी नेलं, पण आत माझा जीव मेटाकुटीला आला होता. सगळ्या जगात त्या एका चीजेशी माझी गाठ पडू नये असं कुणीतरी ठरवल्यासारखं वाटायचं.

चौथ्या वेळी आम्ही गेलो तेव्हा ती दारातच म्हणाली, "मला काहीतरी सांगायचंय." आत गेल्यावर सांगायला लागली की आता रोज दुपारी ती एकटी ती रेकॉर्ड लावते. बटण कसं फिरवायचं ते आम्ही दाखवलं होतंच. आणि मग तिनं आम्हाला तो मुलतानी सांगितला. तिला गंधार ठाऊक नव्हता की मध्यम. ती म्हणाली, "बाई वर जायला निघतात, आणि एका पायरीवर थांबतात. तिथं त्या हलतात, जागच्या जागी. मला रोज वाटतं, आता खाली उतरून रडतील. पण त्या तिथूनच वर जातात. आणि दुसऱ्या बाजूला ती छोटी चीज आहे ना, तिच्यात त्याच पायरीवरून त्या हसल्यासारख्या येतात."

मी तिच्याकडे बघतच राहिले. चार वर्षांत बुवांनी मला कोमल गंधाराबद्दल जे सांगितलं होतं, ते मला तेव्हा कळलेलं नव्हतं. आत्ता कळल्यासारखं वाटलं. मला आनंद झाला, अगदी खरा झाला. पण त्याचबरोबर मनात टोचलंही. ही रोज ऐकते. ज्या गाण्यासाठी मी टांगे करत फिरते ते हिच्या घरात रोज दुपारी होतं, आणि मला तीन खेपांत जेमतेम अर्धं. हे मी तिला अर्थातच बोलून दाखवलं नाही.

त्या दिवशी दुसरी बाजू ऐकली. द्रुत चीज एकदा ऐकली. पुन्हा लावावी असं आम्हा तिघींनाही वाटलं, पण साहेब कारखान्यातून यायची वेळ झाली होती.

साहेबांना आमच्या येण्याचं कळलं होतं, तिनंच सांगितलं होतं. त्यांनी ते ह्यांच्या कानावर घातलं. ह्यांनी रात्री जेवताना विचारलं, "तू मोहन्याला जाऊन आलीस म्हणे?" मी म्हटलं, हो. मला वाटलं, काहीतरी बोलतील. पण हे म्हणाले, "मग? कसा वाटला?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला ह्यांनी पहिल्यांदा विचारला होता. मी हातातला घास खाली ठेवला आणि सांगायला लागले. विलंबितचा ठेका, आलापाची चाल, गंधारावरचं ते थांबणं. हे मान हलवत होते. मग म्हणाले, "मास्तरांचं मात्र म्हणणं असं की..."

मी घास उचलला.

पावसाळ्यापूर्वी साहेबांची बदली झाली, गुजरातेत कुठेतरी. सामानाबरोबर रेडिओग्राम गेला, लाँग प्ले गेली आणि ती पोरगीही गेली. जाताना ठाण्याला आमच्याकडे येऊन गेली. आम्ही तिघी आतल्या खोलीत बसलो. बाहेर साहेब आणि हे बोलत होते. तिनं विचारलं, तिकडे माझ्याबरोबर कोण ऐकेल? मैत्रीण म्हणाली, आधी बोलणारी शोध, मग ऐकणारी होईल. पुढे तिची भेट झाली नाही.

बैठक पुन्हा आमच्याकडे आली, आता तिघांची. साहेब गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मास्तरांनी त्या मुलतानीचा विषय काढला. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले होते. हे अभिमानानं म्हणाले की हिनंही ऐकली आहे ती रेकॉर्ड, मोहन्याला जाऊन.

मास्तरांना खरंच नवल वाटलं. डोंबिवलीकरांची नजर माझ्यावर खिळली. आपली बायकोही माझ्याबरोबर गेली होती हे त्यांना अजून कळलेलं नव्हतं. मास्तर म्हणाले, "असं होय? मग सांगा वहिनी, तुम्हाला काय जाणवलं?"

ट्रे हातातच होता. मी सांगायला सुरुवात केली. म्हटलं, मला सगळ्यांत जाणवला तो त्यांचा गंधार. त्या तिथं थांबतात आणि हलतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की आता उतरतील. एवढं झालं आणि डोंबिवलीकरांनी मास्तरांना विचारलं की ही रेकॉर्ड मुंबईत भरली असेल की कलकत्त्याला. मास्तर म्हणाले, तबल्याच्या आवाजावरून मुंबईच. ह्यांनी तबलजी कोण असावा ते सांगितलं. तिघंही तबल्यावर बोलायला लागले.

मी थांबले नाही. त्याच आवाजात, न वाढवता, गंधारावरून त्या वर कशा जातात ते सांगितलं, आणि दुसऱ्या बाजूची चीज त्याच जागेवरून हसल्यासारखी कशी येते तेही सांगितलं. कुणाचं लक्ष नव्हतं. सगळं सांगून झाल्यावर मी कप एकेकासमोर ठेवले. मास्तरांनी कप उचलला आणि मान न वळवता "छान" म्हणाले. चहाला म्हणाले की आणखी कशाला, ते मी विचारलं नाही.

मंगळवारी मैत्रीण आली तेव्हा तिला हे सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, ती चीज एकदा म्हण, मला दुसरी ओळ आठवत नाही. मलाही आठवत नव्हती. एकदाच ऐकलेली. आम्ही दोघींनी पहिली ओळ पुन्हा पुन्हा म्हणून पाहिली, आणि संध्याकाळचे दिवे लागले तरी दुसरी काही येईना.